पिस्तूल दुसऱ्या हातात जाते तेव्हा : अमेरिकी राज्यांतील हँडगन नोंदणी आणि खासगी विक्रीचे कायदे

अमेरिकेत गुन्ह्याच्या जागी एखादे पिस्तूल सापडले, तर पोलीस ते कोणत्या कंपनीचे आहे ते आणि त्यावर कोरलेला अनुक्रमांक टिपून घेतात आणि वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मार्टिन्सबर्ग येथे एटीएफ या शस्त्रविषयक केंद्रीय यंत्रणेचे जे कार्यालय आहे, त्याच्याकडे चौकशी पाठवतात. तेथे संगणकावर अनुक्रमांक टाकला आणि मालकाचे नाव समोर आले, असे होत नाही. मालकांची तशी देशव्यापी यादी उभारायला कायद्यानेच मनाई आहे. कार्यालयातील कर्मचारी आधी कारखान्याला विचारतात, कारखाना घाऊक व्यापाऱ्याचे नाव सांगतो, घाऊक व्यापारी दुकानदाराचे, आणि दुकानदार आपल्या वहीतून ते पिस्तूल पहिल्यांदा कोणाला विकले हे शोधून काढतो. दुकान बंद पडले असेल तर त्याचे दप्तर खोक्यांत भरून मार्टिन्सबर्गलाच आलेले असते, आणि त्या कागदांची छायाचित्रे संगणकात साठवली असली तरी माणसाच्या नावावरून शोध घेता येणार नाही, अशाच रीतीने ती ठेवावी लागतात. एवढ्या खटाटोपानंतर हाती लागते ते पहिल्या ग्राहकाचे नाव. त्याने ते पिस्तूल पुढे शेजाऱ्याला विकले असेल, तर बहुतेक राज्यांत माग तेथेच तुटतो. काही मोजक्या राज्यांत मात्र तो पुढे चालू राहतो, कारण त्या राज्यांनी स्वतःची वही ठेवलेली असते.

अमेरिकेतील बंदूक-कायद्यांविषयी आपल्याकडे वाचायला मिळते ते बहुधा एखाद्या शाळेतील गोळीबारानंतर, आणि त्या गदारोळात दोन वेगळ्या गोष्टींची हमखास गल्लत होते. पहिली गोष्ट तपासणीची. पिस्तूल घेणारा माणूस गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेला नाही ना, न्यायालयाने त्याला शस्त्र बाळगण्यास बंदी केलेली नाही ना, हे व्यवहाराच्या वेळी पाहायचे. दुसरी गोष्ट नोंदीची. कोणते पिस्तूल आज कोणाच्या ताब्यात आहे हे कायमचे लिहून ठेवायचे. तपासणी काही मिनिटांत उरकते आणि तिचा कागद नंतर नष्ट करता येतो. नोंद मात्र मागे उरते. आपल्याकडच्या शेतजमिनीचे उदाहरण घ्यायचे, तर खरेदीखत होणे वेगळे आणि फेरफार होऊन सातबाऱ्यावर नवे नाव चढणे वेगळे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत पिस्तुलाला सातबाराच नाही, पहिल्या खरेदीचा कागद तेवढा दुकानदाराकडे पडून असतो; थोड्याच राज्यांत प्रत्येक फेरफाराची दखल घेतली जाते. खासगी विक्रीवरील कायद्यांचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे माझ्या मते तपासणी हवी पण नोंद नको, असे म्हणत या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे, आणि तो प्रयत्न कोठेही पुरता साधलेला नाही.

भारतीय वाचकाला हा पेचच चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही आणि परवान्यावर त्या शस्त्राचा तपशील चढलेला असतो, त्यामुळे सरकारला पत्ता नसलेली कायदेशीर विक्री ही कल्पनाच आपल्या चौकटीत बसत नाही. अमेरिकेत १७९१ सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेत लिहिला गेला. त्यातच फौजदारी कायदा आणि पोलीस हे विषय प्रामुख्याने राज्यांच्या अखत्यारीत राहिले. त्यामुळे पिस्तुलांचे नियमन जे सुरू झाले ते राज्यांत, आणि प्रत्येक राज्याने ते आपापल्या भीतीनुसार केले.

ही भीती कोणाची होती, हे जुन्या कायद्यांत बऱ्याचदा उघड दिसते. यादवी युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये मिसिसिपी राज्याने केलेल्या कायद्यानुसार गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय माणसाला काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या) मंडळाच्या परवान्यावाचून बंदूक ठेवता येत नव्हती. गोऱ्या माणसाला अशी अट नव्हती. टेनेसीने १८७९ मध्ये मार्ग थोडा आडवळणाचा घेतला. त्या राज्याने सैन्य आणि नौदल वापरते त्या नमुन्याची पिस्तुले सोडून बाकी सर्व पिस्तुलांची विक्रीच बंद केली. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता, परंतु लष्करी पिस्तुले महाग होती आणि स्वस्त पिस्तुलांवाचून ज्यांचे अडत होते ते लोक गरीब, त्यांतही बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. परवाना आणि नोंदणी यांविषयी अमेरिकेत आजही जो अविश्वास आढळतो, त्याचे सारे श्रेय बंदूक-कंपन्यांच्या प्रचाराला देणे म्हणून मला अपुरे वाटते. अर्ज मंजूर करणारा अधिकारी कोणाचा अर्ज मंजूर करील, याचा अनुभव त्या देशातील काही समाजांनी फार जवळून घेतलेला आहे.

आधुनिक अर्थाने नोंदणीची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये झाली. ऑगस्ट १९१० मध्ये त्या शहराचे महापौर विल्यम गेनर यांच्यावर जहाजावर उभे असताना गोळी झाडली गेली. जानेवारी १९११ मध्ये कादंबरीकार डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांचा ग्रॅमर्सी पार्कजवळ भर दिवसा खून झाला. टॅमनी हॉल या बलाढ्य आणि बदनाम राजकीय यंत्रणेतील राज्य सिनेटर टिमोथी सुलिव्हन यांनी त्याच वर्षी विधेयक आणले आणि ते त्यांच्याच नावाने ‘सुलिव्हन कायदा’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यापूर्वीचे बहुतेक कायदे पिस्तूल लपवून बाळगत रस्त्यावर फिरण्याविषयी होते. सुलिव्हन कायद्याने ते घरात ठेवण्यासाठीही परवाना आवश्यक केला, आणि हाच फरक मोठा होता. पुढे या व्यवस्थेत परवान्यावर प्रत्येक पिस्तुलाचा अनुक्रमांक चढू लागला, म्हणजे परवाना हीच नोंदणी झाली. परवाना नसलेल्याला पिस्तूल विकणे बेकायदा असल्यामुळे खासगी विक्रीचा प्रश्नही आपोआप त्यातच मिटला. न्यूयॉर्कला वेगळा ‘खासगी विक्री कायदा’ पिस्तुलांसाठी करावा लागला नाही, याचे कारण हे आहे.

बाकीच्या राज्यांनी न्यूयॉर्कची नक्कल केली नाही. कॅलिफोर्नियाने १९१७ मध्ये दुकानदाराला वही घालून दिली आणि विक्रीच्या नोंदीची प्रत स्थानिक पोलिसांकडे पाठवणे बंधनकारक केले; १९२३ मध्ये खरेदी आणि ताबा यांच्यात एक दिवसाचे अंतर ठेवले आणि त्याच कायद्यात नागरिक नसलेल्यांना लपवण्याजोगी शस्त्रे बाळगण्यास बंदी केली. तो एक दिवस पुढे वाढत १९७० च्या दशकात १५ दिवसांपर्यंत गेला आणि १९९७ मध्ये १० दिवसांवर स्थिरावला. नॉर्थ कॅरोलायनाने १९१९ मध्ये आणि मिसूरीने १९२१ मध्ये तिसरा मार्ग धरला. तेथे पिस्तूल घेण्यापूर्वी काउंटीच्या अधिकाऱ्याकडून, पुढे शेरीफकडून, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाकडून, खरेदीचा परवाना आणावा लागे. आणि विकणारा दुकानदार आहे की शेजारी, याने काही फरक पडत नसे. छोट्या गावात शेरीफ अर्जदाराला तोंडओळखीने जाणत असतो. या व्यवस्थेचे बळ तेच होते आणि दोषही तोच होता.

या सर्वांत मला अधिक लक्षवेधी वाटते ते मिशिगन. १९२७ च्या कायद्याने तेथे खरेदीचा परवाना तर आणलाच, शिवाय पिस्तूल विकत घेतल्यावर ते प्रत्यक्ष पोलीस ठाण्यात नेऊन ‘सुरक्षा तपासणी’ करून घेणे बंधनकारक केले. नावावरून वाटते की पोलीस पिस्तुलाचा खटका आणि नळी ठीक आहे की नाही हे पाहत असतील. व्यवहारात ते कंपनीचे नाव, नमुना आणि अनुक्रमांक लिहून घेत आणि एक प्रत राज्य पोलिसांकडे पाठवत. म्हणजे ही नोंदणीच होती, फक्त तिला नोंदणी म्हटले जात नव्हते. पिस्तूल घेऊन ठाण्यात जाण्याची सक्ती २००८ मध्ये केलेल्या दुरुस्तीने संपली. विक्रीची नोंद राज्य पोलिसांकडे पाठवण्याची सक्ती तशीच राहिली. ज्या राज्यात शिकारीच्या मोसमात शाळा ओस पडतात अशी ख्याती आहे, तेथे पिस्तुलांची नोंद जवळजवळ शतकभर निमूटपणे चालू राहिली, ही गोष्ट दोन्ही बाजूंच्या प्रचारकांना गैरसोयीची आहे.

केंद्र सरकारने या क्षेत्रात पाऊल टाकले ते १९३४ मध्ये, दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनंतर. ॲटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांच्या मूळ विधेयकात मशीनगनबरोबर पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरही होती; म्हणजे प्रत्येक हँडगनची देशव्यापी नोंदणी आणि हस्तांतरावर कर, असा तो बेत होता. नॅशनल रायफल असोसिएशन आणि इतर शिकारी-नेमबाज संघटनांच्या विरोधामुळे पिस्तुले वगळली गेली. मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर यांवर मात्र २०० डॉलरचा कर आणि नोंदणी कायम राहिली. आखूड नळीच्या रायफली या कायद्यात कशा आल्या, याचे कोडे अनेकांना पडते. पिस्तुलावर बंधन आले तर लोक रायफलची नळी कापून तिचेच पिस्तूल करतील, या शंकेने ते कलम घातले होते. पुढे पिस्तूल वगळले गेले आणि कलम तसेच राहून गेले. १९३८ च्या दुसऱ्या कायद्याने दुकानदारांना एक डॉलरचा परवाना आणि वही सक्तीची केली. दुकानदार नसलेल्या सामान्य माणसांच्या आपसांतील विक्रीला त्या कायद्याने जवळजवळ स्पर्श केला नाही. आजच्या वादाचे बीज त्या रचनेत आहे : केंद्राचा कायदा व्यापाऱ्याला बांधतो, मालकाला नाही.

यातील भगदाड २२ नोव्हेंबर १९६३ रोजी साऱ्या जगाला दिसले. अध्यक्ष केनेडी यांच्यावर झाडलेली रायफल ली हार्वे ओस्वाल्डने शिकागोतील एका दुकानातून खोट्या नावाने टपालाद्वारे मागवली होती. त्याचे रिव्हॉल्व्हर लॉस एंजेलिसमधून आले होते. राज्याच्या सीमेपलीकडून पार्सल येत असेल तर राज्याच्या परवान्याला अर्थ उरत नाही, हे त्यातून उघड झाले, तरी कायदा व्हायला पाच वर्षे आणि मार्टिन ल्यूथर किंग व रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या लागल्या. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने टपालाची विक्री थांबवली, दुसऱ्या राज्यातील रहिवाशाला थेट पिस्तूल विकणे बेकायदा केले आणि दुकानातील खरेदीसाठी फॉर्म ४४७३ सुरू केला, जो आजही भरला जातो. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना याहून अधिक हवे होते. प्रत्येक बंदुकीची नोंदणी आणि प्रत्येक मालकाला परवाना, ही त्यांची मागणी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, फेटाळली, आणि विधेयकावर सही करतानाच त्यांनी ही खंत बोलून दाखवली.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला हेन्स खटल्याचा निकाल नोंदणीच्या चर्चेत वारंवार येतो आणि वारंवार चुकीचा सांगितला जातो. नोंद न केलेली आखूड नळीची बंदूक बाळगल्याबद्दल हेन्स नावाच्या माणसावर खटला झाला होता. त्याचे म्हणणे असे की, ही बंदूक माझ्याकडे आहे असे सरकारला लिहून देणे म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याची कबुली देणे, आणि पाचव्या घटनादुरुस्तीनुसार कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडता येत नाही. न्यायालयाने ते मान्य केले. यावरून ‘गुन्हेगाराला नोंदणीतून सूट आणि सज्जनाला सक्ती’ असा निष्कर्ष काढला जातो. तो त्या वेळच्या कायद्याच्या रचनेपुरता खरा होता. काँग्रेसने लगेच कायदा बदलून नोंदणीत दिलेली माहिती देणाऱ्याविरुद्ध वापरता येणार नाही अशी तरतूद केली, आणि तो मार्ग बंद झाला. तरीही या निकालाने एक गोष्ट दाखवून दिली ती आजही लागू आहे. ज्याला पिस्तूल बाळगण्याचीच मनाई आहे, तो कधीच नोंदणीच्या रांगेत उभा राहणार नाही. नोंदणीचा उपयोग झालाच तर तो त्याला पिस्तूल पुरवणाऱ्या, आजवर स्वच्छ असलेल्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी होतो.

१९८६ मध्ये चाक उलटे फिरले. बंदूकधारकांच्या संरक्षणासाठी म्हणून केलेल्या कायद्याने बंदुकांची किंवा त्यांच्या मालकांची केंद्रीय नोंदवही तयार करण्यास मनाई केली, आणि ‘व्यवसाय करणारा’ विक्रेता कोणाला म्हणावे याची व्याख्या सैल केली. छंद म्हणून अधूनमधून विकणाऱ्याला, स्वतःचा संग्रह मोडणाऱ्याला परवान्याची गरज नाही, हे स्पष्टपणे लिहिले गेले. बंदुकांच्या प्रदर्शनांत, ज्यांना तेथे गन शो म्हणतात, परवानाधारक दुकानदाराच्या शेजारी टेबल मांडून बसलेला माणूस तपासणी न करता पिस्तूल विकू शकतो, तो या व्याख्येमुळे. ‘गन शोची पळवाट’ हा शब्दप्रयोग मात्र दिशाभूल करणारा आहे. सूट जागेला नाही, विक्रेत्याला आहे. तोच माणूस आपल्या घराच्या ओसरीवर किंवा वाहनतळावर तीच विक्री तशीच करू शकतो. केंद्राचा कायदा त्याला एवढेच सांगतो की घेणारा परराज्यातील नसावा, पिस्तुलासाठी तो १८ वर्षांखालचा नसावा, आणि त्याला शस्त्रबंदी आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना त्याला विकू नये. परंतु विचारपूस करण्याची सक्ती नसेल, तर ठाऊक तरी कसे होणार?

१९९३ चा ब्रॅडी कायदा याच चौकटीत बसवलेला आहे. त्याने परवानाधारक दुकानदाराच्या ग्राहकाची तपासणी सक्तीची केली आणि सुरुवातीला ते काम स्थानिक पोलीसप्रमुखांवर सोपवले. मोंटानातील शेरीफ जे प्रिंट्झ आणि ॲरिझोनातील शेरीफ रिचर्ड मॅक यांनी त्याला आव्हान दिले, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की केंद्र सरकार राज्याच्या अधिकाऱ्यांना असे कामाला जुंपू शकत नाही. नोव्हेंबर १९९८ पासून एफबीआयची संगणकीय तपासणी सुरू झाल्यामुळे व्यवहारात अडले नाही, पण तत्त्व महत्त्वाचे ठरले : राज्याची इच्छा नसेल तर त्याच्याकडून नोंदणी किंवा परवाने करून घेण्याचा मार्ग केंद्राला उरला नाही. तपासणीत पास झालेल्या ग्राहकाची माहिती २४ तासांच्या आत नष्ट करायची, हा नियमही पुढे काँग्रेसने घातला. तपासणी आणि नोंद यांना तोडण्याचे याहून नेमके उदाहरण सापडणार नाही.

कोलोरॅडोतील कोलंबाइन शाळेत एप्रिल १९९९ मध्ये झालेल्या हत्याकांडातील चारही बंदुका खासगी विक्रेत्यांकडून मिळवलेल्या होत्या; त्यांतील तीन गन शोमध्ये घेतल्या गेल्या, आणि चौथे एक पिस्तूल होते, जे अल्पवयीन मुलाला विकल्याबद्दल विकणाऱ्याला शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी कोलोरॅडो आणि ओरेगन या दोन राज्यांत मतदारांनी सार्वमताने गन शोमधील प्रत्येक विक्रीला तपासणी सक्तीची केली. कॅलिफोर्नियाने ही पायरी त्यापूर्वीच ओलांडली होती. तेथे १९९१ पासून दोन व्यक्तींमधील विक्रीही परवानाधारक दुकानदारामार्फतच करावी लागते, आणि दुकानदाराच्या नोंदीची प्रत राज्याकडे जात असल्याने खासगी विक्रीचा कायदा म्हणजेच पिस्तुलांच्या मालकीची वही होऊन बसला. पेन्सिल्व्हेनियात असेच घडले, पण लोकांना ते पटवून घ्यायला न्यायालयात जावे लागले. त्या राज्याच्या कायद्यात बंदुकांची नोंदवही ठेवण्यास मनाई आहे, आणि त्याच कायद्यानुसार खासगी पिस्तूल-विक्री दुकानदार किंवा शेरीफमार्फत करून तिची नोंद राज्य पोलिसांकडे जाते. मग ही नोंदवही नव्हे काय? २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नव्हे, कारण ही विक्रीची यादी आहे, मालकीची नाही. परराज्यातून येताना सोबत आणलेले पिस्तूल तिच्यात नसते. कायद्याच्या दृष्टीने युक्तिवाद बिनतोड असेल, पण ज्याचे नाव त्या यादीत आहे त्याला हा फरक समजावून सांगणे अवघड आहे.

डेलावेअर नदीच्या दोन काठांवर मराठी कुटुंबांची चांगली वस्ती आहे, म्हणून तेथील फरक सांगण्यासारखा आहे. न्यू जर्सीत १९६६ च्या कायद्यापासून प्रत्येक पिस्तुलासाठी स्वतंत्र खरेदी-परवाना काढावा लागतो, मग विकणारा मित्र असो की दुकानदार. नदी ओलांडून पेन्सिल्व्हेनियात गेले की आधीचा परवाना लागत नाही, विक्रीच्या वेळची तपासणी पुरते. आणि पिस्तुलाऐवजी लांब नळीची शिकारी बंदूक असेल तर दोन खासगी व्यक्तींमधील विक्रीला तीही लागत नाही. एका काठावरचा रोजचा व्यवहार दुसऱ्या काठावर गुन्हा ठरू शकतो.

डिसेंबर २०१२ मधील सँडी हुक शाळेच्या हत्याकांडानंतर गन शोमधील आणि जाहिरातींमधून होणाऱ्या खासगी विक्रीला देशभर तपासणी लागू करण्याचा प्रस्ताव सिनेटपुढे आला. त्याच्या समर्थक सिनेटरांनी, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, नोंदवही तयार करणाऱ्या अधिकाऱ्याला तुरुंगवासाची शिक्षा त्यातच लिहून ठेवली होती. तरीही एप्रिल २०१३ मध्ये बाजूने ५४ आणि विरुद्ध ४६ मते पडूनही तो फेटाळला गेला, कारण ६० मते लागत होती. मग गाडा पुन्हा राज्यांकडे आला. कोलोरॅडोने त्याच वर्षी सर्व खासगी विक्रीला तपासणी लागू केली आणि सप्टेंबरमध्ये दोन राज्य सिनेटरांना मतदारांनी परत बोलावून त्याची किंमत वसूल केली. वॉशिंग्टन राज्याने २०१४ मध्ये सार्वमताने तसाच कायदा केला. नेवाडात २०१६ मध्ये प्रस्ताव अगदी थोडक्या मतांनी मंजूर झाला आणि लगेच अडला, कारण त्यात लिहिले होते की तपासणी थेट एफबीआयने करावी, आणि एफबीआयने सांगितले की राज्य आपल्याला असा हुकूम देऊ शकत नाही. प्रिंट्झ खटल्याचीच ही उलटी बाजू झाली. विधिमंडळाने २०१९ मध्ये दुरुस्ती करेपर्यंत मतदारांनी संमत केलेला कायदा कागदावरच राहिला.

याच सुमारास नोंदीच्या धोक्याचा एक वस्तुपाठही मिळाला. न्यूयॉर्कच्या उपनगरांतील एका वृत्तपत्राने डिसेंबर २०१२ मध्ये दोन काउंट्यांतील पिस्तूल-परवानाधारकांची नावे आणि पत्ते नकाशावर छापले. माहिती सार्वजनिक दप्तरातून रीतसर मागवलेली होती. त्यानंतरचा संताप इतका मोठा होता की पुढच्याच महिन्यात राज्याने केलेल्या कडक कायद्यात, ज्याने खासगी विक्रीला सार्वत्रिक तपासणीही आणली, परवानाधारकांना आपले नाव गुप्त ठेवण्याची मुभा द्यावी लागली. नोंदणीचे समर्थक नेहमी सांगतात की यादीचा दुरुपयोग ही काल्पनिक भीती आहे. येथे ती जप्तीच्या रूपाने खरी ठरली नाही, पण यादी एकदा झाली की तिच्यावर तिच्या निर्मात्याचाच ताबा राहील असे नाही, हे मान्य करावे लागते.

या कायद्यांचा परिणाम काय झाला, यावरील संशोधन माझ्या मांडणीशी जुळते असे मला दिसते, मात्र ते अंतिम मानण्याची घाई करू नये. मिसूरीने २००७ मध्ये ८६ वर्षांचा खरेदी-परवाना रद्द केला. त्यानंतर तेथे बंदुकीने होणाऱ्या हत्यांचे प्रमाण वाढले, असे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले, आणि वाढीची इतर कारणे पुरेशी वगळली नाहीत असा आक्षेप त्यावर घेतला गेला. दुसरीकडे, कॅलिफोर्नियाच्या १९९१ च्या खासगी विक्री कायद्याचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की त्यानंतर बंदुकीने होणाऱ्या हत्यांत वा आत्महत्यांत त्या कायद्यामुळे फरक पडल्याचे दिसत नाही. अधिक बोलका अभ्यास २०१७ चा आहे. डेलावेअर, कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांनी खासगी विक्रीला तपासणी सक्तीची केल्यावर तपासण्यांची संख्या वाढायला हवी होती. ती फक्त डेलावेअरमध्ये वाढली. बाकी दोन राज्यांत लोकांनी कायदा पाळलाच नसावा, असा संशय त्यातून येतो. ज्या पिस्तुलाची कोठेच नोंद नाही ते कायद्यापूर्वी विकले की नंतर, तपासणी करून की न करता, हे पोलीस सिद्ध करणार कसे? आधी परवाना आणावा लागत असेल, तर घेणाऱ्याला आपला कागद दाखवावाच लागतो आणि विकणाऱ्यालाही तो मागण्याची सवय लागते. नुसत्या तपासणीच्या सक्तीत दोघांच्या मूक संमतीने सर्व काही टळू शकते.

न्यायालयांचा सूर या काळात बदलला आहे. वॉशिंग्टन डीसीने १९७० च्या दशकात पिस्तुलांची नवी नोंदणीच बंद करून, नोंदणीच्या वाटेने बंदी आणली होती; शिकागोने १९८२ मध्ये तेच केले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेलर आणि २०१० मध्ये मॅकडोनाल्ड खटल्यात या दोन्ही बंद्या रद्द केल्या, आणि नोंदणी म्हणजे पुढे जप्ती असे म्हणणाऱ्यांच्या हाती एक खरे उदाहरण कायमचे राहिले. तरीही २०११ मध्ये डीसीच्या अपील न्यायालयाने पिस्तुलांची साधी नोंदणी वैध ठरवली. तिचे कारण हे की असे कायदे शतकभर चालत आलेले आहेत. त्या निकालाशी असहमत असलेले न्यायाधीश ब्रेट कॅव्हानॉ यांनी विक्रेत्याची वही आणि मालकाची नोंदणी या दोन परंपरा वेगळ्या असल्याचे लिहिले. ते आता सर्वोच्च न्यायालयात आहेत. २०२२ च्या ब्रुएन निकालाने सुलिव्हन कायद्यातील, पिस्तूल घेऊन बाहेर पडण्यासाठी खास कारण सिद्ध करण्याची अट काढून टाकली आणि बंदूक-कायद्याला अमेरिकेच्या इतिहासातील परंपरेचा आधार असला पाहिजे अशी कसोटी घातली. त्यामुळे १८७९ चा टेनेसीचा कायदा किंवा १९२७ चा मिशिगनचा कायदा ही अभ्यासकांपुरती माहिती उरलेली नाही. वकील ती रोज उकरून काढत आहेत.

केंद्राने जून २०२२ च्या कायद्यात १९८६ च्या सैल व्याख्येतील काही शब्द बदलले, आणि एप्रिल २०२४ मध्ये एटीएफने त्यावर नियम काढून नफ्यासाठी वारंवार विकणाऱ्यांना परवाना घ्यायला सांगितले. टेक्सासमधील केंद्रीय न्यायालयाने त्या राज्यापुरता तो लगेच थांबवला. राज्यांत दोन वाटा एकाच वेळी चालल्या आहेत. नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने मार्च २०२३ मध्ये राज्यपालांचा नकाराधिकार झुगारून १९१९ चा खरेदी-परवाना रद्द केला; परवाना कृष्णवर्णीयांना वगळण्यासाठी वापरला गेला होता, हे रद्द करणाऱ्यांचे एक कारण होते, तर आता खासगी विक्रीला कसलीच तपासणी उरणार नाही, हा विरोधकांचा आक्षेप होता, आणि तो वस्तुस्थितीला धरून होता. मिशिगनने त्याच वर्षी उलट दिशा घेतली. पिस्तुलांसाठी १९२७ पासून असलेली खरेदी-परवान्याची आणि विक्री-नोंदीची व्यवस्था फेब्रुवारी २०२४ पासून तेथे रायफली आणि शॉटगन यांनाही लागू झाली आहे.